सर लुडविग गुटमान : बलोपासनेचे नवे दालन उघडणारा धन्वंतरी

बलोपासना म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर लाल मातीचा आखाडा, घुमणारे मुद्गल, जोर-बैठकांनी घामाघूम झालेले पीळदार देह उभे राहतात. शक्ती म्हणजे धडधाकट देहाची मिरासदारी, असे आपण नकळत गृहीत धरून चालतो. ज्याचे पाय गेले त्याच्या वाट्याला आपण सहानुभूती देतो, क्वचित मदतही देतो. पण तालमीत ये आणि माझ्याशी स्पर्धा कर, असे आवाहन त्याला कोणी करीत नाही. असे आवाहन करणारा एक मनुष्य विसाव्या शतकात होऊन गेला. तो मल्ल नव्हता, खेळाडूही नव्हता; तो मज्जासंस्थेचा शल्यवैद्य होता. त्याचे नाव सर लुडविग गुटमान.

गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी, त्या वेळच्या जर्मनीतील अप्पर सायलीशिया प्रांतात, टोस्ट या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. पुढे हे कुटुंब कोनिग्सहुट या खाणींच्या शहरात येऊन राहिले. १९१७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, लुडविग तेथील अपघात रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करू लागला. एके दिवशी पाठीचा कणा मोडलेला एक तरुण, धिप्पाड खाणकामगार तेथे आणण्यात आला. त्याच्या कमरेखालचे शरीर लुळे पडले होते. त्याला पडद्याआड ठेवण्यात आले. तो काही आठवड्यांचाच सोबती आहे, तेव्हा त्याच्यासाठी फारशी धडपड करण्यात अर्थ नाही, असे वरिष्ठांनी या नवशिक्या मुलाला सांगितले. झालेही तसेच. शय्याव्रण आणि मूत्रमार्गातील जंतुदोष यांनी सुमारे पाच आठवड्यांत त्या बलदंड तरुणाचा बळी घेतला. ही घटना गुटमान जन्मभर विसरू शकले नाहीत.

१९१८ मध्ये त्यांनी ब्रेस्लाव विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासास आरंभ केला आणि १९२४ मध्ये फ्रायबर्ग येथून पदवी संपादन केली. त्यानंतर ब्रेस्लावला ओटफ्रिड फोर्स्टर या नामवंत मज्जाशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी काम केले. मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियेत त्यांचे नाव जर्मनीत आदराने घेतले जाऊ लागले. पण १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू डॉक्टरांना सार्वजनिक रुग्णालयांचे दरवाजे बंद झाले. गुटमान ब्रेस्लावच्या ज्यू रुग्णालयात गेले. १९३७ मध्ये ते तेथील प्रमुख झाले.

९ नोव्हेंबर १९३८ ची रात्र इतिहासात कुप्रसिद्ध आहे. त्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे जळाली, दुकाने फुटली, माणसे पकडली गेली. रुग्णालयाच्या दाराशी येणाऱ्या कोणासही काहीही न विचारता दाखल करून घ्यावे, असा हुकूम गुटमान यांनी सोडला. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी झडतीस आले. गुटमान त्यांना खाटेखाटेपाशी घेऊन गेले आणि प्रत्येक माणसाचा रोग त्यांनी ठासून सांगितला. त्यातले कित्येक रोग त्यांनी जागच्या जागी रचलेले होते! दाखल झालेल्या ६४ जणांपैकी ६० जण अशा रीतीने अटकेतून वाचले.

पुढे जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप याच्या आदेशाने गुटमान यांना पोर्तुगालला जावे लागले. तेथील हुकूमशहा सालाझार याच्या एका स्नेह्यावर त्यांना उपचार करायचे होते. परतीच्या वाटेवर लंडनला थांबण्याची संधी मिळाली, तेव्हा निर्वासित विद्वानांना साहाय्य करणाऱ्या तेथील संस्थेने त्यांना आसरा देण्याची व्यवस्था केली. मार्च १९३९ मध्ये पत्नी एल्सा आणि दोन मुले यांच्यासह ते इंग्लंडला पोचले व ऑक्सफर्ड येथे संशोधन करू लागले.

युद्धाच्या धामधुमीत त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. युरोपच्या भूमीवर सैन्य उतरवायचे तर पाठीच्या कण्याला जखमा झालेले सैनिक मोठ्या संख्येने येणार, हे ओळखून ब्रिटिश सरकारने त्यांच्यासाठी स्वतंत्र केंद्र काढण्याचे ठरविले आणि त्याची धुरा गुटमान यांच्याकडे सोपविली. १ फेब्रुवारी १९४४ रोजी बकिंगहॅमशायरमधील आयल्सबरीजवळ स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात हे केंद्र सुरू झाले. पहिल्या महायुद्धात अशा जखमींपैकी बहुतेक दगावले होते, आणि वैद्यकीय जगाचा दृष्टिकोन त्या खाणकामगाराच्या वेळेपासून फारसा बदललेला नव्हता.

गुटमान यांनी कोणते दिव्य औषध शोधून काढले? कोणतेही नाही. रुग्णाला रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, म्हणजे एका जागी दाब पडून शय्याव्रण होत नाही. आणि मूत्राशयाची स्वच्छता काटेकोरपणे राखायची, म्हणजे मूत्रपिंडे निकामी होत नाहीत. इतक्या साध्या गोष्टी! पण त्या चुकू नयेत म्हणून हा डॉक्टर मध्यरात्री स्वतः वॉर्डातून फेऱ्या मारी. त्यांची शिस्त कडक होती, स्वभाव हुकमी होता. रुग्ण त्यांना धाकाने भीत आणि प्रेमाने ‘पॉपा’ म्हणत.

माणसे जगू लागली. मग पुढचा प्रश्न उभा राहिला : जगून करायचे काय? विशी-पंचविशीतले तरुण छताकडे पाहत दिवस मोजणार असतील, तर त्या जगण्याला अर्थ कोणता? गुटमान यांनी त्यांना सुतारकाम, घड्याळदुरुस्ती असे उद्योग दिले, आणि खेळ दिला. आरंभी चाकाच्या खुर्चीत बसून काठ्यांनी पोलो खेळला जाई. तो फारच धसमुसळा ठरला, म्हणून त्याच्या जागी खुर्चीतला नेटबॉल आला. तिरंदाजीवर मात्र त्यांची विशेष मर्जी होती, आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. धनुष्य ओढताना दंड, खांदे आणि पाठीचा वरचा भाग बळकट होतो, बसल्या जागी तोल सावरण्याची सवय लागते. ज्याचे पाय गेले त्याला पायांचे कामही हातांकडूनच करून घ्यावे लागते. बिछान्यातून खुर्चीत जायचे तर सारे शरीर दंडांवर तोलावे लागते. म्हणून अशा माणसाला बळ हा शौक नसतो; ते त्याचे स्वातंत्र्य असते. शिवाय तिरंदाजीत खुर्चीत बसलेला माणूस उभ्या माणसाशी बरोबरीने लढू शकतो.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ स्पर्धकांचा, १४ पुरुष व २ स्त्रिया यांचा, तिरंदाजीचा सामना भरला. सारे चाकाच्या खुर्चीत. हा दिवस गुटमान यांनी मुद्दाम निवडला होता. १९५२ मध्ये हॉलंडचा संघ आला आणि हे सामने आंतरराष्ट्रीय झाले. १९६० मध्ये रोम येथे, ऑलिंपिकनंतर काही दिवसांतच, २३ देशांतील सुमारे ४०० खेळाडू जमले. पुढे ज्यांना पॅरालिंपिक हे नाव मिळाले, त्या स्पर्धांचा आरंभ येथून धरतात. रोमच्या क्रीडाग्रामात घरे खांबांवर उभारलेली होती आणि वर जायला जिने होते. चाकाच्या खुर्चीतील शेकडो खेळाडूंना इटालियन सैन्यातील जवानांनी उचलून वर-खाली नेले. विजयाची पदके मिळविण्यास आलेल्यांना जिना चढण्यासाठी दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला! अडथळा पायांत होता की जिन्यात?

१९६४ मध्ये टोकियोला या स्पर्धांत भारोत्तोलनाचा प्रवेश झाला. वजन उचलण्याचा खेळ म्हणजे पायांचाच खेळ, असा सर्वसाधारण समज. त्या काळी ऑलिंपिकमधील भारोत्तोलनाचे तिन्ही प्रकार उभे राहून करावयाचे होते. मग ज्याला उभेच राहता येत नाही त्याने काय करावे? उत्तर साधे होते. त्याने बाकावर पाठ टेकून निजावे आणि नुसत्या दंडांच्या व छातीच्या जोरावर वजन वर रेटावे. प्रथम कण्याला दुखापत झालेल्या पुरुषांनाच यात भाग घेता येई. कालांतराने इतर प्रकारचे शारीरिक अपंगत्व असलेल्यांनाही प्रवेश मिळाला. १९८४ मध्ये पॉवरलिफ्टिंग हा प्रकार आला, १९९२ च्या बार्सिलोना स्पर्धांपासून तोच कायम राहिला, आणि २००० साली सिडनीत स्त्रियाही त्यात उतरल्या.

या खेळाचे नियम पाहिले की गुटमान यांच्या विचाराचे मर्म ध्यानात येते. सर्वसाधारण व्यायामशाळेतील बाक अरुंद आणि आखूड असतो, कारण निजणाऱ्याचे पाय जमिनीवर रोवलेले असतात. येथे बाक २.१ मीटर लांब आणि ६१ सेंटिमीटर रुंद असतो, डोक्याकडे मात्र तो अरुंद होतो. खेळाडूचे पायांसह सारे शरीर बाकावर मावते आणि ते घसरू नये म्हणून पट्ट्याने बांधण्याची सोय असते. पाय वा पायाचा भाग कापलेला असेल, तर शरीराच्या वजनात ठरावीक भर धरण्याची तरतूद करण्यात आली. सवलती येथे संपतात. दांडी छातीपर्यंत आणून निश्चल थांबवायची आणि मग दोन्ही हातांनी सारख्या गतीने वर न्यायची. हात किंचित वाकडे गेले तरी तीन पंचांचे डोळे ते टिपतात. अपंगत्व कोणते, हे पाहून गट पाडीत नाहीत. गट पडतात ते शरीराच्या वजनावरून. बाक बदलला, कसोटी बदलली नाही. इराणच्या सियामंद रहमानने २०१६ मध्ये रिओ येथे ३१० किलो वजन उचलले. हा आकडा वाचून कोणाच्या मनात दया उत्पन्न होईल?

गुटमान यांच्या कार्याला मर्यादा नव्हत्या असे नाही. त्यांचे सामने प्रदीर्घ काळ कण्याच्या रुग्णांपुरतेच राहिले. अवयव गमावलेल्यांना आणि दृष्टिहीनांना १९७६ च्या टोरांटो स्पर्धांपर्यंत थांबावे लागले. दार उघडणाऱ्यालाही ते पुरते उघडायला वेळ लागतो, हेच खरे. यजमानही नेहमीच उदार नव्हते. १९७२ मध्ये म्युनिकचे क्रीडाग्राम या खेळाडूंना मिळाले नाही, म्हणून स्पर्धा हायडेलबर्गला न्याव्या लागल्या.

त्या हायडेलबर्गशी आपल्या महाराष्ट्राचे नाते आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे लष्करातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या कमरेखालच्या भागाची शक्ती गेली. उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले, आणि हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी भारताला या स्पर्धांतले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. देशाने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला तो २०१८ मध्ये, तब्बल ४६ वर्षांनी. भारोत्तोलनाच्या बाकावरूनही भारतीयांनी यश आणले. पंजाबच्या राजिंदर सिंग रहेलू यांनी २००४ मध्ये अथेन्स येथे ५६ किलो गटात कांस्यपदक मिळविले. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धांत हरियाणाचे सुधीर २१२ किलो वजन उचलून सुवर्णपदकाचे मानकरी ठरले.

१९६६ मध्ये गुटमान यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ते रुग्णालयातून निवृत्त झाले. पण काम थांबले नाही. १९६९ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे अपंगांसाठी स्वतंत्र क्रीडागार उभे राहिले, त्याचे उद्घाटन राणी एलिझाबेथ यांनी केले. १८ मार्च १९८० रोजी हृदयविकाराने गुटमान यांचे निधन झाले. पडद्याआड मरण पावलेल्या एका अनाम खाणकामगाराचे ऋण त्यांनी असे फेडले.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात क्रीडासुविधांची रचना अपंगांना सामावून घेईल अशी करावी, असे कलम आहे. कायदा झाला, पण कायद्याला हात नसतात. आपल्याकडील व्यायामशाळांच्या दाराशी किती पायऱ्या आहेत, चाकाची खुर्ची दारातून आत जाते काय, रुंद बाक एक तरी आहे काय, हे मोजायला फार पैसा लागत नाही, एक दुपार पुरते. जिमखान्याच्या वार्षिक स्पर्धांत बेंच प्रेसचा सामना ठेवणे कोणत्याही महाविद्यालयाला जमण्यासारखे आहे, आणि त्यात पायांनी चालत येणारा व खुर्चीतून येणारा या दोघांनाही भाग घेता येईल. दर दोन तासांनी रुग्णाला कुशीवर वळविण्याइतकीच ही गोष्ट साधी आहे. ती चुकू न देणे एवढेच गुटमान यांनी केले, आणि तेवढ्यावर जग बदलले.