विष्णुशास्त्री चिपळूणकर : वाचक आणि ग्रंथपरीक्षक

विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–१८८२) यांचा विचार प्रामुख्याने मराठी निबंधाचे प्रवर्तक म्हणून केला जातो. तथापि त्यांच्या निबंधलेखनाचे मूळ त्यांच्या व्यासंगी वाचनात आहे.

पुण्यात कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या घरी जन्मलेल्या विष्णुशास्त्र्यांना संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही ग्रंथपरंपरांचा परिचय लहानपणीच झाला. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे पित्याने आरंभिलेले भाषांतर त्यांनी पूर्ण केले. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू व दंडी यांच्यावर लिहिताना त्यांनी पारंपरिक गौरवावर समाधान न मानता गुणदोषांची चिकित्सा केली. वाचलेल्या ग्रंथाविषयी आपले मत सकारण मांडणे हा वाचनाचाच उत्तरार्ध होय, अशी त्यांची धारणा या लेखनातून दिसते.

सरकारी शाळेत शिक्षक असताना त्यांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील लेखन जवळजवळ एकहाती होते. ग्रंथांवरील टीका म्हणजे ग्रंथकाराशी वैर नव्हे, हा विचार त्यांनी मराठी वाचकांत रुजविला. १८७८ मध्ये का. ना. साने व ज. बा. मोडक यांच्या सहकार्याने निघालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’मुळे जुनी काव्ये व ऐतिहासिक साधने वाचकांपर्यंत पोहोचली. ग्रंथविक्रीसाठी त्यांनी ‘किताबखाना’ही काढला. नोकरी सोडल्यावर १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूलची, तर १८८१ मध्ये ‘केसरी’ची स्थापना झाली. या दोन्हींत त्यांचा पुढाकार होता.

मात्र या परीक्षणदृष्टीची मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. जोतीराव फुले यांच्या लेखनाचा परामर्श घेताना विष्णुशास्त्र्यांनी भाषेतील व्याकरणदोषांचा उपहास केला; त्या लेखनामागील सामाजिक वेदनेला त्यांनी न्याय दिला नाही. प्राचीन कवींच्या बाबतीत दाखविलेली चिकित्सक वृत्ती येथे जात्यभिमानापुढे लुप्त झाली. लोकहितवादींवरील त्यांच्या टीकेतही अभिनिवेश विवेकावर मात करताना दिसतो.

१७ मार्च १८८२ रोजी, वयाची ३२ वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. ग्रंथकाराच्या नावाने वा प्रतिष्ठेने दिपून न जाता ग्रंथ तपासण्याची सवय त्यांनी मराठी वाचकाला लावली. पुढील पिढ्यांनी त्यांच्या लेखनाची जी कठोर तपासणी केली, तीही याच सवयीचे फलित होय. त्यांच्या मतांपैकी अनेक मते आज अग्राह्य ठरली असली, तरी मतभेदाचा हा वाचकीय अधिकार हेच त्यांचे टिकाऊ योगदान मानावे लागते.