बिली थॉमस (बकव्हीट)

विल्यम 'बिली' थॉमस (१२ मार्च, इ.स. १९३१:लॉस एंजेलस, कॅलिफोर्निया, अमेरिका - १० ऑक्टोबर, इ.स. १९८०:लॉस एंजेलस) हे कृष्णवर्णीय अमेरिकन बालकलाकार होते. हॅल रोच यांच्या 'अवर गँग' या विनोदी लघुपटमालिकेत त्यांनी इ.स. १९३४ ते १९४४ या काळात काम केले. मालिकेतील 'बकव्हीट' ही त्यांची भूमिका अमेरिकेत घरोघरी पोचली. दहा वर्षांची चित्रपट कारकीर्द, पुढे सैन्यातील नोकरी आणि त्यानंतर रसायनशाळेतील शांत आयुष्य, असा त्यांचा जीवनक्रम आहे. मात्र मृत्यूनंतर दहा वर्षांनी एका तोतयाने दूरचित्रवाणीवर त्यांचे नाव स्वतःला लावून घेतले आणि त्यामुळे थॉमस यांचे चरित्र पुन्हा चर्चेत आले.

'अवर गँग' मालिका

निर्माते हॅल रोच यांनी ही मालिका इ.स. १९२२ मध्ये मूकपटांच्या काळात सुरू केली. मोठ्यांची नक्कल करणारी शिकवलेली मुले पडद्यावर आणण्यापेक्षा गल्लीतली मुले जशी खेळतात, भांडतात आणि खोड्या काढतात तशीच ती दाखवावीत, ही तिच्यामागची कल्पना होती. बावीस वर्षांत २२० लघुपट आणि 'जनरल स्पँकी' (इ.स. १९३६) हा एक पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला. मुले मोठी झाली की मालिकेतून बाहेर पडत आणि त्यांच्या जागी नवी येत. इ.स. १९३८ मध्ये रोच यांनी ही मालिका मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीकडे सोपवली.

गोरी आणि काळी मुले एकाच टोळीत, एकाच वर्गात, बरोबरीने वावरताना दिसणे ही त्या काळातील अमेरिकन चित्रपटात दुर्मीळ गोष्ट होती. तरीही काळ्या मुलांच्या वाट्याला येणारे कपडे, केस, बोली आणि नावे यांतून जुने वर्णभेदी साचे डोकावत राहिले. मूकपटांच्या काळात गाजलेल्या 'फरीना'चे नाव गव्हाच्या रव्यावरून घेतलेले होते. 'बकव्हीट' म्हणजे आपल्याकडे उपवासाला चालणारे कुट्टू. दोन मुलांना धान्यांची नावे मिळावीत, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

चित्रपट कारकीर्द

थॉमस यांना त्यांच्या आईने रोच स्टुडिओत चाचणीसाठी नेले, तेव्हा ते तीन वर्षांचे होते. इ.स. १९३४ मधील 'फॉर पीट्स सेक!', 'द फर्स्ट राउंड-अप' आणि 'वॉशी आयर्नी' या लघुपटांत ते केवळ गर्दीतील एक मूल म्हणून दिसतात. येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ तिच्यात आहे. त्या वेळी बकव्हीट हे पात्र मालिकेत आधीच आलेले होते आणि ते मुलीचे पात्र होते. 'फॉर पीट्स सेक!'मध्ये ते मॅथ्यू बियर्ड ऊर्फ 'स्टायमी' यांची धाकटी बहीण कार्लीना हिने केले. त्यानंतरच्या काही लघुपटांत दुसऱ्या एका मुलीने ते केले. वर्षअखेरीस आलेल्या 'ममाज लिटल पायरेट'पासून ही भूमिका थॉमस यांच्याकडे आली.

कलाकार मुलगा असला तरी पात्र काही काळ मुलगीच राहिले. फिती बांधलेल्या वेण्या, अंगाला मोठा होणारा कुणाचा तरी जुना स्वेटर आणि पायांत अवजड बूट असा त्याचा वेश होता. 'अंकल टॉम्स केबिन' या कादंबरीतील टॉप्सी या मुलीवरून रूढ झालेल्या प्रतिमेचीच ही नक्कल होती. इ.स. १९३५ मध्ये स्टायमी मालिकेतून बाहेर पडल्यावर बकव्हीट हळूहळू मुलगा होत गेला. 'द पिंच सिंगर' (इ.स. १९३६) या लघुपटात त्याचा उल्लेख प्रथमच निःसंदिग्धपणे मुलगा म्हणून येतो. मराठीत लिहिणाऱ्याला क्रियापदाचे लिंग ठरवल्यावाचून पुढे जाता येत नाही, त्यामुळे ही अडचण इंग्रजी लेखकापेक्षा त्याला अधिक जाणवते : आधी बकव्हीट 'येते', मग 'येतो'. त्याच वर्षी वेणीफिती जाऊन पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, खांद्यावरून पट्टे घेतलेली विजार, मोठे बूट आणि विस्कटलेले दाट केस हा वेश आला आणि तोच कायम राहिला.

सुरुवातीच्या काळात थॉमस यांचे बोलणे बोबडे होते आणि दिग्दर्शकांनी त्याचा विनोदासाठी पुरेपूर उपयोग केला. यूजीन ली यांनी केलेल्या 'पोर्की' या चिमुकल्या पात्राबरोबर त्यांची जोडी जमली. थोरली मुले मोठे बेत आखत आणि ही दोघे धाकटी त्यांचा विचका करीत किंवा त्यांच्या आधीच बाजी मारून जात. होकार देताना केला जाणारा जो बोबडा उच्चार आज बकव्हीटच्या नावावर जमा आहे, तो मुळात पोर्कीचा होता. लोकस्मृतीने तो एका मुलाकडून काढून दुसऱ्याला दिला.

'बोर्ड ऑफ एज्युकेशन' (इ.स. १९३६) या लघुपटाला ऑस्कर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या 'जनरल स्पँकी'त यादवी युद्धाचा काळ दाखवला असून बकव्हीट हा मालकापासून ताटातूट झालेला गुलाम मुलगा आहे. पाच वर्षांच्या मुलाने नवा मालक शोधत फिरावे आणि त्यावर प्रेक्षकांनी हसावे, अशी त्यातील योजना आज पाहताना खटकते. थॉमस यांनी स्वतः मात्र उत्तरायुष्यात या मालिकेची बाजू घेतली. टोळीत काळ्या मुलांना बरोबरीने वागवले जाई, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

इ.स. १९३४ च्या 'वॉशी आयर्नी'पासून शेवटपर्यंत केवळ एक लघुपट वगळता मालिकेतील सर्व लघुपटांत थॉमस दिसतात. मेट्रो-गोल्डविन-मेयरने काढलेल्या बावन्नच्या बावन्न लघुपटांत काम करणारे ते एकमेव कलाकार होत. शेवटचा 'डान्सिंग रोमियो' पूर्ण झाला तेव्हा ते बारा वर्षांचे होते. त्यांचा बोबडेपणाही तोपर्यंत केव्हाच गेला होता.

उत्तरायुष्य

इ.स. १९५४ मध्ये थॉमस अमेरिकी सैन्यात दाखल झाले. इ.स. १९५६ मध्ये ते परतले तेव्हा त्यांना राष्ट्रीय संरक्षण सेवा पदक आणि सद्वर्तन पदक मिळालेले होते. पुन्हा अभिनय करण्याची त्यांची इच्छा नव्हती, परंतु चित्रपटाच्या फितीशी असलेला संबंध त्यांनी तोडला नाही. टेक्निकलर कंपनीत फीत कापणे, जोडणे आणि प्रक्रिया करणे या तांत्रिक कामात त्यांनी पुढील आयुष्य घालवले.

दरम्यान इ.स. १९५५ पासून जुने लघुपट दूरचित्रवाणीवर दाखवले जाऊ लागले. 'अवर गँग' या नावाचा हक्क मेट्रो-गोल्डविन-मेयरकडे राहिल्याने त्यांना 'द लिटल रास्कल्स' असे नवे नाव देण्यात आले. नव्या पिढीला बकव्हीट माहीत झाला तो याच प्रक्षेपणांमुळे. या पुनःप्रक्षेपणांचा मोबदला बालकलाकारांना मात्र मिळत नसे. चेहरा सर्वांच्या ओळखीचा, पण त्या चेहऱ्याचा माणूस कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही, अशी स्थिती निर्माण झाली. तोतयांना ती सोयीची होती.

इ.स. १९८० च्या जुलैमध्ये लॉरेल आणि हार्डी यांच्या चाहत्यांच्या 'सन्स ऑफ द डेझर्ट' या संघटनेचे अधिवेशन लॉस एंजेलस येथे भरले होते. थॉमस तेथे अनपेक्षित पाहुणे म्हणून आले. सभागृहाने उभे राहून त्यांचे स्वागत केले आणि त्यांना अश्रू आवरले नाहीत. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, १० ऑक्टोबर रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ४९ वर्षे होते. इंगलवूड पार्क दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. मालिकेतील तीन प्रमुख कृष्णवर्णीय कलाकार सहा महिन्यांच्या आत गेले. 'फरीना' ऊर्फ ॲलन हॉस्किन्स जुलै १९८० मध्ये, थॉमस ऑक्टोबरमध्ये आणि 'स्टायमी' ऊर्फ मॅथ्यू बियर्ड जानेवारी १९८१ मध्ये.

पुढील वर्षी एडी मर्फी यांनी 'सॅटरडे नाईट लाइव्ह' या कार्यक्रमात प्रौढ बकव्हीटचे विडंबन सुरू केले. बोबडे बोलणे आणि विस्कटलेले केस यांवर बेतलेले हे विडंबन इतके लोकप्रिय झाले, की अनेकांच्या दृष्टीने तोच बकव्हीट ठरला.

तोतयाचे प्रकरण

५ ऑक्टोबर, इ.स. १९९० रोजी एबीसी वाहिनीच्या '२०/२०' या वृत्तकार्यक्रमात बकव्हीटचे पुढे काय झाले, याविषयीचा एक भाग प्रक्षेपित झाला. ॲरिझोना राज्यातील एका किराणा दुकानात गिऱ्हाइकांचे सामान पिशव्यांत भरून देणारा एक वयस्क माणूस त्यात बकव्हीट म्हणून दाखवण्यात आला. हा माणूस अनेक वर्षांपासून ही बतावणी करीत होता. थॉमस यांना जाऊन तेव्हा दहा वर्षे होत आली होती.

लबाडी उघडकीला आणली ती मालिकेतील 'स्पँकी', म्हणजे जॉर्ज मॅकफार्लंड यांनी. थॉमस यांच्याबरोबर ते लहानाचे मोठे झाले होते आणि त्यांच्या मृत्यूची त्यांना माहिती होती. कार्यक्रम पाहिल्यावर त्यांनी वृत्तमाध्यमांशी संपर्क साधला. पुढच्याच आठवड्यात वाहिनीने चूक मान्य केली. कार्यक्रमाच्या एका निर्मात्याला नोकरी सोडावी लागली आणि थॉमस यांच्या मुलाने वाहिनीवर निष्काळजीपणाचा दावा दाखल केला.

तोतयाने आपणच मूळ बकव्हीट असून इतरांनी ती भूमिका नंतर केली, अशी पळवाट घेतली. वरवर पाहता ती बिनतोड वाटते, कारण थॉमस यांच्या आधी इतर मुलांनी ही भूमिका केली होती हे खरेच आहे. परंतु मालिकेचा इतिहास तपासला, की ती तिथेच कोसळते. थॉमस यांच्या आधीचे बकव्हीट मुली होत्या. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात संशय उरला होता, म्हणून त्यांच्या तोतयाला वाव मिळाला. थॉमस यांच्याबाबतीत तसा संशयाला जागाच नव्हती. मृत्यूची नोंद होती, दफनभूमी माहीत होती, मुलगा हयात होता आणि लघुपट तर रोज कुठेतरी दाखवले जात होते.

दाव्यांची शहानिशा

'अवर गँग'मध्ये काम केल्याचा दावा करणारी ही एकच व्यक्ती नव्हे. इ.स. १९५७ मध्ये एका गृहस्थाने 'फ्रेकल्स' नावाच्या पात्राचा कलाकार म्हणून 'टू टेल द ट्रुथ' या दूरचित्रवाणीवरील खेळात भाग घेतला होता. मालिकेचे अभ्यासक लेनर्ड माल्टिन आणि रिचर्ड बॅन यांनी इ.स. १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्येक लघुपटातील कलाकारांची नोंद घेतली आहे. त्यामुळे असा दावा तपासण्याचे साधन '२०/२०'च्या प्रक्षेपणापूर्वी तेरा वर्षे उपलब्ध होते.

तपासणीची रीत अवघड नाही. दावा करणाऱ्याने कोणत्या लघुपटात काम केले, हे त्याला नेमके विचारावे. मग त्या लघुपटाच्या निर्मितीचे वर्ष आणि त्या व्यक्तीचे तेव्हाचे वय जुळते का, ते पाहावे. फीत समोर ठेवून तो चेहरा कोणत्या दृश्यात आहे, हे त्यालाच दाखवायला सांगावे. स्टुडिओची वेतनपत्रके, करार आणि प्रसिद्धीची छायाचित्रे यांवरून नाव पडताळता येते. सर्वांत शेवटी, त्या वर्षीचा एखादा सहकलाकार हयात असल्यास त्याला विचारावे. मॅकफार्लंड यांना प्रक्षेपणाआधी एक दूरध्वनी केला असता, तर पुढचे सारे टळले असते. श्रेयनामावलीवर मात्र सर्वस्वी विसंबता येत नाही. कित्येक लघुपटांत गर्दीतल्या मुलांची नावे दिलेलीच नसत. स्वतः थॉमस यांचे पहिले काम असेच बिननावाचे आहे.

प्रत्येक चुकीचा दावा लबाडीतूनच येतो, असेही नाही. मालिकेच्या यशामुळे तिच्या अनेक नकला निघाल्या. मिकी रूनी यांची 'मिकी मॅग्वायर' मालिका (इ.स. १९२७ ते १९३४) त्यांतलीच. मेल्टन बार्कर हे फिरते चित्रपटकार तर १९३० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षे गावोगावी जाऊन 'द किडनॅपर्स फॉइल' ही एकच कथा स्थानिक मुलांना घेऊन पुन्हा पुन्हा चित्रित करीत आणि गावातल्याच चित्रपटगृहात दाखवीत. आपण स्पँकीचा शोध लावला, असेही ते सांगत. अशा गावातील मुलाने मोठेपणी आपण टोळीच्या चित्रपटात होतो असे प्रामाणिकपणे सांगितले, तर कॅमेऱ्यापुढे उभे राहिल्याची त्याची आठवण खरी असते, फक्त चित्रपट वेगळा असतो. हा चित्रपट इ.स. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाला.

स्मृती

इ.स. १९९२ मध्ये थॉमस यांच्या मुलाने नॉर्थरिज येथील कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत, जिथे तो स्वतः शिकला होता, बकव्हीट स्मृती शिष्यवृत्ती सुरू केली. इ.स. १९९४ मध्ये आलेल्या 'द लिटल रास्कल्स' या चित्रपटात बकव्हीटची भूमिका रॉस बॅगली या बालकलाकाराने केली.