नांगर, तोफखाना आणि अर्धी राहिलेली शाळा : हॅरी ट्रुमन यांची गोष्ट

दिवसभर बँकेत कारकुनी करायची आणि ठरलेल्या संध्याकाळी गणवेश चढवून तोफखान्याच्या कवायतीला जायचं. पगाराचं तर नावच नको, उलट कवायतीला येणाऱ्या जवानालाच आठवड्याला पंचवीस सेंट खिशातून भरावे लागायचे. १९०५ साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत एकवीस वर्षांचा एक पोरगा हे पैसे हौसेने भरत होता. नाव हॅरी ट्रुमन. बरोबर चाळीस वर्षांनी तोच अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

जपानवर अणुबॉम्ब टाकायला मंजुरी देणारा माणूस म्हणून ट्रुमन यांचं नाव जगाला माहीत आहे. त्या निर्णयावर आजही वाद होतात. पण हा माणूस अकरा वर्षं नांगरामागे चालला होता आणि शेती, दुकान, राजकारण सांभाळत राखीव फौजेत कर्नल झाला होता, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. भरतीची तयारी, कॉलेज आणि घरची शेती या तिन्हींत ओढाताण होणाऱ्या पोरांनी ही गोष्ट वाचण्यासारखी आहे.

चष्म्याने अडवलेली वाट

हॅरीचा जन्म ८ मे १८८४ चा, मिसुरी राज्यातल्या लामार गावचा. वडील जॉन शेती करायचे आणि खेचरांचा व्यापारही. पोराची नजर लहानपणापासून अधू. जाड भिंगाचा चष्मा लागला, तो फुटू नये म्हणून खेळ बंद झाले. मग पोरगा पुस्तकांत रमला. इतिहास आणि सेनापतींची चरित्रं त्याने इंडिपेंडन्स गावच्या वाचनालयात बसून वाचून काढली.

१९०१ साली हायस्कूल पास झाला. पुढे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जायचं मनात होतं. तिथे शिक्षण फुकट आणि शेवटी थेट अधिकाऱ्याची नेमणूक. पण डोळ्यांमुळे तो दरवाजा बंद झाला. त्याच सुमारास वडिलांनी धान्याच्या सट्ट्यात पैसा घालवला, राहतं घरही गेलं. मग कॉलेजचा विषयच संपला. हॅरी रेल्वेच्या बांधकामावर मजुरांची हजेरी आणि तास लिहायला लागला. नंतर बँकेत चिकटला.

नॅशनल गार्ड म्हणजे आपल्या प्रादेशिक सेनेच्या जवळपासची गोष्ट. आपला कामधंदा करायचा, ठरावीक दिवशी कवायत, उन्हाळ्यात काही दिवस शिबिर आणि युद्ध आलं तर बोलावणं. १४ जून १९०५ ला हॅरी या दलाच्या तोफखान्यात दाखल झाला. डाव्या डोळ्याने त्याला जवळपास दिसतच नव्हतं. तपासणीचा तक्ता आधीच पाठ करून तो पास झाला, असं सांगतात.

नवा निळा गणवेश घालून तो मोठ्या ऐटीत आजीला भेटायला शेतावर गेला. आजी खूश होण्याऐवजी भडकली. यादवी युद्धात निळ्या गणवेशाच्या सैनिकांनी तिचं शेत लुटलं होतं. हा पोशाख पुन्हा माझ्या घरात आणायचा नाही, असं तिने बजावलं. पोराने ते ऐकलं. गार्ड सोडलं नाही, पण गणवेश घालून आजीच्या दारात परत गेला नाही.

शेतीचं बोलावणं

१९०६ साली वडिलांनी ग्रँडव्ह्यूच्या शेतावर बोलावून घेतलं. सुमारे सहाशे एकरांचा पसारा. गहू, मका, ओट, डुकरं, गाई. बँकेतली टेबलखुर्ची सोडून हॅरीने चार जनावरं जुंपलेला नांगर धरला. पिकांचा फेरपालट तो कटाक्षाने करायचा, पैशापैशाचा हिशोब लिहून ठेवायचा. इतकं करूनही कर्ज काही हटत नव्हतं.

शेत ते कॅन्सस सिटी हे अंतर कवायतीसाठी सोपं नव्हतं. तरी तीन-तीन वर्षांच्या दोन मुदती त्याने पूर्ण केल्या आणि कॉर्पोरलपर्यंत पोचला. १९११ साली मात्र नाव पुन्हा नोंदवलं नाही. त्याच वर्षी एका वासरामुळे पाय मोडून तो अंथरुणाला खिळला होता. वडिलांचं वय झालेलं, शेतात हात कमी. दोन्ही जमेना, तेव्हा त्याने शेती निवडली आणि गणवेश पेटीत गेला.

१९१४ च्या नोव्हेंबरात वडील वारले. कर्ज हॅरीच्या डोक्यावर आलं. जस्ताच्या खाणीत पैसा घातला, तो बुडाला. तेलविहिरीच्या धंद्यातही हाती काही लागलं नाही. बेस वॉलेस या मुलीला १९११ मध्ये लग्नाचं विचारलं होतं, तिने आधी नकार दिला. दोन वर्षांनी होकार मिळाला, पण संसार उभा करायला पैसाच जमेना.

पुन्हा गणवेश

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सक्तीची भरती आधी एकवीस ते तीस वयाच्या पुरुषांची होती. हॅरी तेहतिशीला आलेला, नजर अधू, शेतकरी, वर आई आणि बहिणीचा आधार. घरी बसला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण तो स्वतःहून पुन्हा दाखल झाला. शेताचा भार बहीण मेरी जेन आणि म्हातारी आई यांच्यावर पडला.

तेव्हा गार्डमधले जवान आपले अधिकारी मतं देऊन निवडायचे. सहा वर्षांची जुनी चाकरी आणि ओळखीपाळखी कामाला आल्या. हॅरी लेफ्टनंट म्हणून निवडून आला. ओक्लाहोमातल्या प्रशिक्षण छावणीत त्याच्याकडे कँटीन दिलं. एडी जेकबसन नावाच्या दुकानदार मित्राला सोबत घेऊन त्याने ते नफ्यात चालवलं. बँकेतली आणि शेतावरची हिशोबाची सवय इथे उपयोगी पडली.

जुलै १९१८ मध्ये फ्रान्समध्ये त्याला कॅप्टन करून ‘डी’ बॅटरी सोपवली. जवळपास दोनशे जवान, बरेचसे आयरिश घरांतले, एकापेक्षा एक दांडगट. आधीच्या अधिकाऱ्यांना त्यांनी जेरीस आणलं होतं. ऑगस्टमधल्या एका रात्री डोंगरात जर्मन तोफगोळे पडायला लागले आणि यातले कितीतरी जण पळत सुटले. चष्मेवाला कॅप्टन जागचा हलला नाही. रेल्वेच्या मजुरांत शिकलेल्या सगळ्या शिव्या त्याने एका दमात हासडल्या. पळालेले माघारी आले. त्यानंतर बॅटरीत त्याचा शब्द पडला नाही. म्यूज-आर्गोनच्या मोठ्या लढाईतही त्याच्या हाताखालचा एकही जवान लढताना मेला नाही. या माणसांनी पुढे मरेपर्यंत त्याची साथ सोडली नाही.

दुकान बुडालं, रात्रीची शाळा सुटली

मे १९१९ मध्ये ट्रुमन घरी परतले, जूनमध्ये बेसशी लग्न लागलं. वर्षअखेरीस जेकबसनबरोबर कॅन्सस सिटीत पुरुषांच्या कपड्यांचं दुकान थाटलं. १९२१ ची मंदी आली, भाव कोसळले आणि १९२२ मध्ये दुकानाला कुलूप लागलं. कायद्याने दिवाळं जाहीर करून हात झटकता आले असते. ट्रुमन यांनी ते केलं नाही. ती देणी पुढे कित्येक वर्षं ते फेडत राहिले.

त्याच वर्षी जॅक्सन काउंटीच्या निवडणुकीत उभे राहिले. पदाचं नाव जज्ज, पण काम आपल्या जिल्हा परिषदेसारखं, म्हणजे रस्ते, इमारती आणि खर्च. पाठीशी टॉम पेंडरगास्ट नावाच्या शहराच्या दादाचं राजकीय बळ होतं. पुढे १९३९ मध्ये हा दादा करचुकवेगिरीत तुरुंगात गेला, आणि त्या सोबतीचा डाग ट्रुमन यांना कायम चिकटला. रस्त्यांची कंत्राटं मात्र त्यांनी दादाच्या माणसांना न देता कमी बोलीवाल्यांना दिली. गावोगाव मतं मागत फिरले ते तोफखान्यातले जुने जवान.

या सगळ्या धावपळीत १९२३ ते १९२५ ते रात्रीच्या कायद्याच्या कॉलेजात जात होते. दिवसा कचेरी, रात्री वर्ग, १९२४ मध्ये मुलगी झाली आणि त्याच साली निवडणुकीत हारले. दोन वर्षांनी अभ्यास सुटला, पदवी राहिली ती राहिलीच. कॉलेजची पदवी नसलेले ते अमेरिकेचे आजवरचे शेवटचे राष्ट्राध्यक्ष.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. १९२० मध्ये राखीव अधिकारी दलात मेजर म्हणून नाव घातलं होतं. बहुतेक उन्हाळ्यात दोन आठवड्यांच्या शिबिराला ते जायचेच. घोडे, तोफा, नकाशे आणि जुने सोबती. १९२५ मध्ये लेफ्टनंट कर्नल, १९३२ मध्ये कर्नल झाले. १९३४ मध्ये सिनेटर म्हणून निवडून आले तरी दलातलं नाव काढलं नाही. १९४० मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, सेनाप्रमुख जनरल मार्शल यांच्याकडे जाऊन पुन्हा तोफखान्यात घ्या म्हणाले. मार्शल यांनी वय झालंय असं सांगून परत पाठवलं.

मग त्यांनी दुसरं काम धरलं. छावण्यांच्या बांधकामात पैसा कसा उधळला जातोय, हे सिनेटच्या समितीतर्फे तपासायला घेतलं. छावणीत राहिलेला माणूस असल्याने कंत्राटदाराची थाप लगेच ओळखू यायची. या कामाने देशभर नाव झालं. जानेवारी १९४५ मध्ये ते उपराष्ट्राध्यक्ष झाले. १२ एप्रिलला रुझवेल्ट वारले आणि देशाचा कारभार ट्रुमन यांच्यावर आला.

राखीव जवानांसाठी कायदे

१९४६ मध्ये आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णीय जवान फौजेतून सुटून बसने घरी निघाला होता. अंगावर गणवेश होता. साउथ कॅरोलिनात पोलिसाने मारून त्याचे दोन्ही डोळे फोडले. ही हकिगत ऐकून ट्रुमन हादरले. २६ जुलै १९४८ ला त्यांनी आदेश काढून फौजेत वर्णावरून भेदभाव बंद करायचं धोरण लावलं. निवडणूक तोंडावर होती, स्वतःच्या पक्षातले दक्षिणेकडचे पुढारी उलटले, तरी आदेश मागे घेतला नाही.

त्याच वर्षीच्या कायद्याने वीस वर्षं पात्र सेवा केलेल्या राखीव जवानाला साठीनंतर पेन्शन मिळू लागली. १९५० मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं आणि राखीव जवानांना बोलावणी गेली. यातले पुष्कळ जण दुसरं महायुद्ध लढून आलेले, कुणी नुकतं दुकान टाकलेलं, कुणी कॉलेजात शिकत असलेला. पुन्हा आम्हीच का, असा राग उसळला. तो बिनबुडाचा नव्हता. १९५२ मध्ये ट्रुमन यांनी दोन कायद्यांवर सही केली. एकाने राखीव दलाचे वर्ग पाडले, म्हणजे आधी कुणाला बोलवायचं आणि नंतर कुणाला, हे ठरलं. दुसऱ्याने कोरियाहून परतणाऱ्यांना शिक्षणासाठी सरकारी मदत दिली. ज्याची स्वतःची रात्रशाळा अर्ध्यात सुटली, त्याच्या सहीने दुसऱ्यांच्या पोरांना कॉलेजचा खर्च मिळाला.

भारताशीही त्यांचा एक धागा आहे. १९५१ मध्ये आपल्याकडे धान्याची टंचाई होती. तेव्हा वीस लाख टन धान्यासाठी एकोणीस कोटी डॉलरचं कर्ज देणाऱ्या कायद्यावर जूनमध्ये ट्रुमन यांनीच सही केली होती.

शेताचं काय झालं?

या गोष्टीत मोठेपणा आहे, तशी किंमतही आहे. ती बरीचशी घरच्यांनी मोजली. हॅरी फौजेत आणि पुढे राजकारणात गेला, मेरी जेन आई आणि शेत सांभाळत राहिली. तिचं लग्न झालं नाही. कर्ज वाढत गेलं आणि १९४० मध्ये, भाऊ सिनेटर असताना, ग्रँडव्ह्यूचं शेत कर्जापायी जप्त झालं. सत्त्याऐंशी वर्षांच्या आईला गावातल्या घरात हलवावं लागलं. तिथे पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. १९४५ नंतर मित्रांच्या मदतीने जमिनीचा काही भाग घराण्याकडे परत आला, पण आईचे दिवस संपत आले होते. ती १९४७ मध्ये गेली.

१९५३ मध्ये ट्रुमन राष्ट्राध्यक्षपदावरून उतरले आणि राखीव दलातूनही निवृत्त झाले. तेव्हा माजी राष्ट्राध्यक्षांना पेन्शन नव्हती, ती १९५८ च्या कायद्याने सुरू झाली. फौजेची मात्र महिन्याला सुमारे ११२ डॉलर मिळायची. कधीकाळी पंचवीस सेंट भरून सुरू केलेल्या चाकरीचे हे पैसे होते.

२६ डिसेंबर १९७२ ला, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचं निधन झालं. इंडिपेंडन्समधल्या त्यांच्या ग्रंथालयाच्या अंगणात त्यांना पुरलं. जिथे त्यांनी नांगर धरला, त्या जमिनीचा मोठा भाग पन्नासच्या दशकात विकला गेला आणि त्यावर दुकानं उभी राहिली. शेतावरचं जुनं घर आणि भोवतीची थोडी जागा तेवढी सरकारने जपून ठेवली आहे.