छत्रपती शाहू (पहिले)

छत्रपती शाहू (१८ मे १६८२ – १५ डिसेंबर १७४९) हे मराठा साम्राज्याचे पाचवे छत्रपती होते. छत्रपती शिवाजी महाराजांचे ते नातू आणि छत्रपती संभाजी महाराज व महाराणी येसूबाई यांचे पुत्र होत. १७०८ ते १७४९ अशी सुमारे ४२ वर्षे त्यांनी साताऱ्याच्या गादीवरून राज्य केले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) हे त्यांच्याहून वेगळे.

बालपण आणि कैद

शाहूंचा जन्म माणगावजवळील गांगवली येथे झाला. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड मोगलांच्या हाती पडला. त्या वेळी सात वर्षांचे असलेले शाहू आईसह कैद झाले. पुढील सुमारे १८ वर्षे त्यांनी मोगलांच्या फिरत्या छावणीत काढली. औरंगजेबाची कन्या झीनतुन्निसा हिने त्यांच्यावर माया केली. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहजादा आझमशाहने माळव्यात त्यांची सुटका केली. येसूबाई मात्र १७१९ पर्यंत मोगलांच्याच ताब्यात राहिल्या.

राज्यारोहण व कारभार

महाराणी ताराबाईंनी शाहूंचा गादीवरील हक्क मान्य केला नाही. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेड येथे झालेल्या लढाईत सेनापती धनाजी जाधव शाहूंना येऊन मिळाले आणि ताराबाईंच्या पक्षाचा पराभव झाला. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहूंना राज्याभिषेक झाला. १७१३ मध्ये त्यांनी बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद दिले. १७१९ मध्ये स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मोगल बादशहाकडून मिळाल्या. १७२० मध्ये त्यांनी एकोणीस वर्षांच्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे दिली. १७३१ च्या वारणेच्या तहाने कोल्हापूरच्या गादीशी असलेला तंटा मिटला. शाहू स्वतः क्वचितच मोहिमेवर गेले. माणसे पारखून त्यांच्यावर राज्याची जबाबदारी टाकणे, ही त्यांची कार्यपद्धती होती.

शिकारीचा छंद आणि खंड्या

शाहूंना शिकारीचा विशेष नाद होता. उत्तम जातीचे कुत्रे, शिकारी पक्षी आणि घोडे बाळगण्याची त्यांना हौस होती. वाघाच्या शिकारीत खंड्या नावाच्या कुत्र्याने त्यांचा जीव वाचवला, अशी परंपरा सांगते. स्कॉटिश इतिहासकार ग्रँट डफ याच्या वृत्तांतानुसार शाहूंनी या उपकाराबद्दल कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद करून दिली आणि त्याला पालखीचा मान दिला. दरबारात दोन सरदारांची भेट ठरली असता त्यांनी आपल्या आवडत्या कुत्र्याला जरीचा पोशाख व दागिने घालून त्याच्या डोक्यावर स्वतःची पगडी ठेवली, आणि त्यानंतर स्वतः पगडी वापरली नाही, असेही डफने नोंदवले आहे.

सातारा शहराच्या पूर्वेस कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, संगम माहुली येथे खंड्याची समाधी असून तेथे कुत्र्याची दगडी मूर्ती आहे. युरोपातील जुन्या शिकारी बंदुकांवर, विशेषतः चापाच्या बाजूच्या पोलादी भागांवर, दबा धरलेल्या किंवा पक्षी उठवणाऱ्या कुत्र्यांची चित्रे कोरण्याची प्रथा होती. ती चित्रे बहुधा शिकारीच्या कुत्र्यांच्या जाती दर्शवतात. माहुलीचे शिल्प मात्र नाव असलेल्या एका कुत्र्याचे स्मारक आहे.

रघूजी भोसले आणि भंडारा

शाहूंच्या शिकारीतील सोबत्यांपैकी रघूजी भोसले हे पुढे विशेष प्रसिद्धीस आले. शिकारीतील धाडसामुळे त्यांच्यावर शाहूंची मर्जी बसली. शाहूंनी आपल्या राणीच्या बहिणीशी त्यांचा विवाह लावून दिला, आणि पुढे त्यांना सेनासाहेबसुभा हे पद मिळाले. वऱ्हाड हा रघूजींच्या सत्तेचा आधार होता. देवगडच्या गोंड राजा चांद सुलतान याच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा वाद निर्माण झाला, तेव्हा त्याच्या विधवा राणीने रघूजींना मदतीस बोलावले. पुढे घराण्यातील तंटा पुन्हा उफाळला आणि रघूजींनी नागपूर येथे आपली राजधानी केली. वैनगंगेच्या खोऱ्यातील पवनी व भंडारा हा मुलूखही त्यांच्या अमलाखाली आला. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा करेपर्यंत तो भोसल्यांकडे होता. रघूजी आणि पेशवे बाळाजी बाजीराव यांच्यात बंगालच्या चौथाईवरून उद्भवलेला संघर्ष शाहूंनी १७४३ मध्ये दोघांची कार्यक्षेत्रे वाटून देऊन मिटवला.

मृत्यू आणि वारसा

शाहूंना औरस पुत्र नव्हता. १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात त्यांचे निधन झाले आणि माहुली येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. महाराणी सकवारबाई सती गेल्या. दत्तक वारस रामराजा यांच्या काळात सत्तेचे केंद्र साताऱ्याहून पुण्याला गेले. पेशवे, भोसले व इतर सरदार यांना एकत्र बांधणारा दुवा शाहूंच्या वैयक्तिक शब्दाचा होता. त्या शब्दाच्या जागी दुसरी व्यवस्था त्यांनी उभी केली नव्हती. त्यामुळे त्यांच्या पश्चात छत्रपतींचे पद मानाचे राहिले, पण निर्णयाचा अधिकार पेशव्यांकडे गेला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्यांनी वसवलेले शाहूनगर हे आजच्या सातारा शहराचे मूळ होय.