जखमींना परके न मानणारा सोलापूरचा डॉक्टर

गेवराईवरून जाणारा महामार्ग पुढे बीड, धाराशिव करत सोलापूरला पोहोचतो. त्याच सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. चीनमध्ये आजही आदराने घेतले जाणारे हे नाव आपल्या तरुणांना नीट माहीत असावे, असे आम्हाला वाटते.

मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले आणि चीनने वैद्यकीय मदत मागितली. तेव्हा सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. लोकांकडून निधी गोळा झाला आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. देश स्वतःच गुलामीत होता, तरी दुसऱ्याच्या जखमेवर पट्टी बांधायला तो धावला.

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. पथकातले तिघे परतले. कोटणीस आणि बसू थांबले. कोटणीस चिनी भाषा शिकले आणि उत्तर चीनच्या डोंगराळ युद्धभूमीवर गेले. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. १९४१ मध्ये ते डॉ. बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. तिथल्या परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन.

अतिश्रमाने शरीर खचत गेले, अपस्माराचे झटके येऊ लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मूल तेव्हा काही महिन्यांचेच होते. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. शिच्याच्वांग शहरात त्यांचे स्मारक आहे.

करुणा मनात असून भागत नाही, हातात कौशल्यही लागते, हे कोटणीसांच्या आयुष्यातून आम्हाला दिसते. आज महामार्गावर अपघात झाला की मोबाईल आधी निघतो आणि मदतीचा हात मागे राहतो. आपल्या वस्त्यांतली मुले-मुली नर्सिंग, फार्मसी शिकत आहेत. त्यांना सोबत घेऊन प्रत्येक गावात दहा जणांनी तरी प्रथमोपचार शिकावेत आणि रक्तदात्यांची यादी तयार ठेवावी. रस्त्यावर पडलेल्या माणसाची जात, गाव न विचारता त्याला उचलणे, हे काम आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल.