मुधोजी भोसले आणि न टिकलेला समेट

आपल्या नागपूरचे पहिले रघूजी भोसले १७५५ मध्ये वारले आणि मुलांत गादीचा तंटा लागला. जानोजी वयाने थोरले, तर मुधोजी थोरल्या राणीचे पुत्र. पेशव्यांनी समेट घडवला: जानोजींना सेनासाहेब सुभा हे पद, मुधोजींना चांदा. खटके मात्र थांबले नाहीत. पुढे निपुत्रिक जानोजींनी मुधोजींच्या मुलाला, रघूजीला, वारस ठरविले. १७७२ मध्ये ते वारताच भाऊ साबाजींनी हक्क सांगितला. समेट पाळायला लावणारा पुण्याचा दरबार स्वतःच दुभंगला होता. राघोबादादा मुधोजींकडे, त्यांचे विरोधक साबाजींकडे. १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत मुधोजींनी साबाजींना गोळी घातली. काइन-हाबेलची गोष्ट आपण बायबलात वाचतो; ही उमरेड रस्त्यावरची. मुलाच्या नावाने मुधोजींनी १७८८ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, कारभार पाहिला.