ब्रूनो रॉसी : हिरावून न घेता येणारे धन

बँकेतला लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक ग्राहकाची व एक बँकेची. दोन्ही फिरल्याखेरीज दार उघडत नाही. अशीच युक्ती विजेच्या मंडलात बसवणाऱ्या एका शास्त्रज्ञाची ही ओळख.

ब्रूनो रॉसी यांचा जन्म १९०५ साली इटलीतील व्हेनिस येथे झाला. वडील विजेचे इंजिनिअर होते. बोलोन्या विद्यापीठाची पदवी घेऊन रॉसी फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री टेकडीवरील प्रयोगशाळेत लागले. तेथे त्यांनी अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा अभ्यास आरंभला. गायगर गणित्रातून कण गेला की विजेचा ठोका पडतो. परंतु एकट्या गणित्रात आसपासच्या किरणोत्सर्गाचेही ठोके पडतात. मग खरा विश्वकिरण ओळखावा कसा? १९३० साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, रॉसींनी रेडिओचे व्हॉल्व्ह वापरून एक मंडल तयार केले. सर्व गणित्रांत एकाच वेळी ठोका पडला, तरच ते नोंद करी. त्याच्याच साहाय्याने त्यांनी विश्वकिरण एक मीटर जाडीचे शिसे भेदून जातात हे दाखवले.

१९३२ साली ते पादुआ येथे प्राध्यापक झाले. तेथील भौतिकशास्त्राची नवी संस्था त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. पण १९३८ साली फॅसिस्ट सरकारने यहुद्यांविरुद्ध कायदे केले. रॉसी यहुदी. नोकरी गेली, स्वतः उभारलेली संस्था सुटली, आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत पत्नीसह देश सोडावा लागला. कोपनहेगन, मँचेस्टर असे मुक्काम करीत ते अमेरिकेत पोहोचले. महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पातही त्यांनी काम केले. १९४६ पासून ते एम.आय.टी.मध्ये शिकवू लागले.

त्यांनी तेथे उभारलेल्या गटातील क्राउशार व क्लार्क यांनी गॅमा किरणांसाठी एक दुर्बीण केली. २७ एप्रिल १९६१ रोजी ती एक्स्प्लोरर-११ उपग्रहातून अवकाशात गेली. तिच्या बाहेरच्या प्लॅस्टिकच्या आवरणात विद्युतभारित कण शिरला की प्रकाश चमके. गॅमा किरणाला विद्युतभार नसतो, म्हणून तो आवरणातून गुपचूप आत शिरे व आतील स्फटिकात कणांची जोडी निर्माण करी. आतल्या दोन्ही गणित्रांनी साक्ष द्यावी आणि आवरणाने गप्प राहावे, तरच नोंद! सुमारे २२,००० विश्वकिरणांच्या नोंदींच्या गर्दीत गॅमा किरण सापडले अवघे २२. पण त्या बावीसांतूनच एका नव्या खगोलशास्त्राचा आरंभ झाला. २००८ साली सोडलेल्या फर्मी दुर्बिणीतही हेच तत्त्व वापरले आहे.

१९९३ साली रॉसी निवर्तले. पुढे क्ष-किरणांच्या अभ्यासासाठी सोडलेल्या एका उपग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले.

पालकहो, सरकारी हुकूमाने रॉसींची खुर्ची गेली, घर गेले, देश गेला. डोक्यातली विद्या मात्र कोणाला काढून घेता आली नाही. त्याच विद्येवर परक्या मुलुखात ते पुन्हा उभे राहिले. मुलाची फी भरताना हात आखडेल, तेव्हा एवढे आठवा.